स्वतःच्या डब्यात हात नाही

माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हे मी नाही म्हणत, अख्खं अंबरनाथ म्हणतं. बरं, अख्खं नसेल, पण आमची जुनी चाळ तरी नक्की म्हणते. तिथे मी सुकटीचं कालवण केलं की वरच्या मजल्यावरून वाट्या खाली यायच्या. आणि त्याच माझ्या हातच्या भाकरीचे दोन तुकडे मोडून आमचे हे ताट सरकवायला लागले, तेव्हा माझं काय झालं असेल, सांगा.

आमचे हे म्हणजे सुदाम. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत लेथ मशीनवर तीस वर्षं काढली आणि जूनमध्ये रिटायर झाले. हार, शाल, भिंतीवरचं घड्याळ, सगळं रीतसर झालं. आमच्या महेंद्रने बदलापुरात हेंद्रेपाड्याला फ्लॅट घेतलेलाच होता, तिकडे आम्ही सामान हलवलं. मी म्हटलं, चला, तीस वर्षं डब्यातलं गारढोण खाल्लं बिचाऱ्याने, आता तव्यावरची भाकरी थेट ताटात पडेल.

आणि ह्या माणसाची भूकच गेली.

"भूक नाही गं." दिवसातून तीनदा हेच. सकाळी चहा आणि एक बटर, दुपारी दोन घास, रात्री वाटीभर भात. पहिले पंधरा दिवस मी बदलापूरच्या पाण्याला शिव्या दिल्या. मग कुकरला. मग मसाला बिघडला असेल म्हणून उल्हासनगरातून मिरच्या आणून, उन्हात वाळवून, पुन्हा नव्याने कुटून आणला. वास असा की खालच्या मजल्यावर शिंका. ह्यांनी ताटाकडे बघितलं, म्हणाले, "छान झालंय," आणि उठले. खाल्लं नाही तर छान झालंय हे कळलं कुठून?

चौसष्ट किलोचा माणूस नोव्हेंबरात पंचावन्नवर आला. ह्यांच्या पट्ट्याला मी स्वतः खिळा तापवून दोन नवी भोकं पाडली. तिसरं पाडायला बसले पण खिळा तापवलाच नाही. पट्टा तसाच ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. कुणाला दिसू दिलं नाही, पण आता सांगते.

रक्त झालं, सोनोग्राफी झाली, घशातून दुर्बीण घालून झाली. स्टेशनजवळ राजसी मॅडमचा दवाखाना आहे, त्यांनी सगळे कागद पसरून बघितले. "काका, रिपोर्ट तर माझ्यापेक्षा चांगले आहेत. घरी मन रमत नाही का?"

"टीव्ही आहे ना," हे म्हणाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "काकू, तीन आठवडे बघू. वजन त्रेपन्नच्या खाली गेलं तर ॲडमिट करावं लागेल. वेळ पडली तर नळीतून अन्न द्यायचं."

नळीतून! मी जिवंत असताना, माझा तवा चुलीवर असताना, माझ्या नवऱ्याला नाकात नळी घालून कुणी पांढरं पाणी पाजणार? माझ्या तोंडचं पाणीच पळालं. रिक्षात बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, "तीन आठवडे आहेत. मुकाट्याने खायचं."

"भूक लागली तर खाईन ना."

"मग लागू द्या की!"

"ती काय माझ्या हातात आहे?" हे म्हणाले.

ह्याचं उत्तर दिलं ते आमच्या सुनेने. अस्मिता उल्हासनगरच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. पोरीला जगातल्या सगळ्या गोष्टींचं कारण ठाऊक असतं, फोडणी का जळली तेवढं सोडून. तिने मला ओट्याशी गाठलं. "आई, भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण ती लागते डोक्यात. पोट नुसतं वर निरोप पाठवतं. आणि ते निरोप पाठवायची वेळ शिकतं. रोज साडेबाराला जेवणाऱ्याचं पोट बारा वाजल्यापासून निरोप पाठवायला लागतं. पप्पा कंपनीत किती वाजता जेवायचे?"

"साडेबाराचा भोंगा झाला की."

"आणि इथे?"

इथे? इथे कधी एक, कधी दोन, कधी मालिका संपली की. मध्ये तीनदा चहा. मी कपाळावर हात मारला. तीस वर्षं भोंग्यावर चाललेलं पोट मी टीव्हीच्या भरवशावर सोडलं होतं.

त्या दिवसापासून घरात मिलिटरी. चहा बंद, बटर बंद, जेवण साडेबाराच्या ठोक्याला. तरी म्हटलं, कसर नको. ह्यांच्या खात्यातला रघु अजून नोकरीत होता. त्याला फोन करून मी खरा भोंगा मोबाइलवर रेकॉर्ड करून मागवला, आणि महेंद्रचा तो मोठा स्पीकर बाल्कनीच्या दारात ठेवून बरोबर साडेबाराला लावला.

काय तो आवाज! कबुतरं उडाली, खालची कुत्री एका सुरात रडायला लागली, आणि सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्त काका बनियनवर धावत जिना चढून आले. "आग कुठे लागलीय?"

"पोटात लागायची आहे," मी म्हटलं. "बघत काय राहिलात? बाजूला व्हा."

कारण आमचे हे उठले होते! कुणी न सांगता उठले, बेसिनवर कोपरापर्यंत हात धुतले, कंपनीत धुवायचे तसे, आणि पॅन्टला पुसत पाटावर येऊन बसले. तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. मी मुद्दाम जुन्या डब्यातच भरलं होतं, भाकरी आणि मेथी. ह्यांनी झाकण उघडलं, एक घास खाल्ला, दोन खाल्ले, चार खाल्ले. मी घास मोजत उभी. पाचवा तुकडा मोडला, आणि तो तुकडा घेऊन ह्यांचा हात डावीकडे गेला. डावीकडे काय? नुसती लादी. हात तिथे जरासा थांबला आणि परत आला. मग उजवीकडे बघितलं. मग म्हणाले, "झालं माझं."

"काय शोधत होतात?"

"काही नाही गं. सवय."

पुढचे दहा दिवस तसंच. भूक यायची, दारात उभी राहायची आणि चार घासांनी परत जायची. रोज तो हात डावीकडे. वर गुरुदत्त काकांनी भोंग्यावर लेखी बंदी आणली. मी दवाखान्यात नेऊन वजन केलं तर त्रेपन्न किलो सहाशे ग्रॅम. नळी सहाशे ग्रॅमवर आली होती आणि माझ्याकडे उरले होते नऊ दिवस.

म्हटलं, ह्या डावीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांना अस्मिताच्या हवाली केलं आणि अंबरनाथला कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिले. जेवणाच्या सुट्टीत रघु बाहेर आला.

"जय भीम वहिनी, इकडे कुठे?"

"भावजी, खरं सांगा. हे इथे जेवायला बसायचे तेव्हा काय आवडीने खायचे? कुठली भाजी?"

रघु भोळा माणूस. त्याचा चेहरा एकदम खुलला. "सुदाम? अहो, आमच्या कौसाच्या भरतावर तर जीव होता त्याचा! आणि मिलिंदच्या घरची अळूची वडी. ती आली की हा दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही."

कौसा म्हणजे कौसाबाई, रघुची बायको. मी म्हटलं, "आणि माझ्या डब्यातलं?"

"तुमच्या डब्यातलं तो कुठे—" रघुने जीभ चावली. पण शब्द सुटला तो सुटला.

"भावजी. माझ्या डब्यातलं कोण खायचं?"

"आम्ही," रघु पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "मी, मिलिंद आणि जास्त करून सदू."

सगळं काढून घेतलं त्याच्याकडून. चौघे एका जागी बसायचे: आमचे हे, ह्यांच्या डावीकडे सदू, मग रघु आणि मिलिंद. चार डबे मध्ये उघडायचे. नियम एकच: स्वतःच्या डब्यात हात घालायचा नाही. दुसऱ्या तिघांच्या डब्यातलं खायचं. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं माझ्या नवऱ्याने माझ्या डब्याला बोट लावलेलं नाही!

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बदलापूरला कशी आले ते मला आठवत नाही. दारातूनच सुरू केलं. "पहाटे साडेचारला उठत होते मी! पोर तापाने फणफणलं तरी डबा चुकवला नाही! आणि तो सगळा सदूच्या घशात? आणि तुम्ही कौसाबाईच्या वांग्यावर जीव टाकत होतात? रोज संध्याकाळी येऊन 'आज चवळी मस्त झाली होती' म्हणायचात, ते काय होतं मग?"

"खरंच मस्त झालेली असायची," हे शांतपणे म्हणाले. "सदू सांगायचा ना."

अस्मिता तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. मला हसू येत होतं आणि ते आल्याचा रागही येत होता.

"बस जरा," हे म्हणाले. "सांगतो. घरी सांगायचं नाही अशी शपथ होती आम्हा तिघांची, पण आता सांगतो."

सदू नवीन लागला तेव्हा एकटाच राहायचा, शहाडला. आईबाप लहानपणीच गेले, लग्न झालं नाही. तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. एकदा ह्यांनी सहज वाकून बघितलं तर डब्यात शिळा भात आणि मीठ. दुसऱ्या दिवशी मी दिलेली भाजी ह्यांनी त्याच्या पुढे केली तर तो उठून निघूनच गेला. दोन दिवस जेवायला आला नाही. मानी माणूस. तेव्हा ह्यांनी, रघुने आणि मिलिंदने मिळून तो नियम काढला आणि सदूला सांगितलं की आमच्या खात्यात पहिल्यापासून असंच आहे, स्वतःचं खाल्लं की दंड. मग त्याला खावंच लागलं. आणि त्याचा मीठभात ह्या तिघांनी वाटून खाल्ला. पुढे तो डाळ शिकला, चटणी शिकला.

"तुला सांगितलं असतं तर तू कौसाला सांगितलं असतंस," हे म्हणाले. "तिघींना कळलं की सदूला कळलं. तो पुन्हा भिंतीकडे गेला असता."

खरंच सांगितलं असतं मी. माझ्या पोटात तीळ भिजत नाही.

"आणि एक सांगू? तुझा डबा सगळ्यात आधी संपायचा. मी बघत बसायचो. लय बरं वाटायचं."

असं बोलतात आणि मग माणसाला भांडता येत नाही.

अस्मिता आतून डोळे पुसत आली. आता ती मास्तरीण झाली होती. "आई, बघा ना, म्हणून पप्पा चार घासांवर थांबतात! एकच चव समोर असली की मेंदू तिला लवकर कंटाळतो. म्हणून लग्नात पोट टम्म झाल्यावरही जिलेबीला जागा होते. पप्पांच्या मेंदूला रोज तीन घरच्या चवी लागतात. आणि माणूस सोबतीत एकट्यापेक्षा जास्तच जेवतो, हे तर कितीदा मोजून बघितलंय लोकांनी. भोंग्याने नुसतं दार उघडलं. आत कुणी नव्हतं."

मला एकदम ह्यांचे रविवार आठवले. सुट्टीच्या दिवशी हे कायम कमी जेवायचे, आणि मी मटण करून करून दमायचे. आळसाने जेवत नाहीत म्हणायचे मी! मटण वाढून ह्यांना एकट्यालाच बसवायचे मी, आणि पोरांना आधीच जेवायला घातलेलं असायचं.

"सदू कुठे असतो आता?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली रिटायर होऊन. शहाडलाच. फोन नाही केला बरेच दिवस." हे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "काय सांगायचं फोनवर? जेवलास का विचारलं की दोघांनाही खोटं बोलावं लागतं."

मी फोन उचलला. "सदूभावजी, मी सुंदराबाई. उद्या साडेबाराला आमच्याकडे डबा घेऊन यायचं."

"वहिनी, माझ्या डब्यात काय असणार?"

"जे असेल ते. रिकाम्या हाताने आलात तर दारातून परत पाठवीन. सव्वीस वर्षं माझा डबा खाल्लाय तुम्ही, तुमचा तो नियम मला कळलाय."

पलीकडून बारीक आवाज आला, "येतो."

दुसऱ्या दिवशी बारा वाजून एकोणतीस मिनिटांनी बेल वाजली. दारात सदू. आमच्या ह्यांच्यापेक्षाही वाळलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवीत डबा. ह्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"काय रे, काडी झालायस," हे म्हणाले.

"तू काय पैलवान आहेस?"

झालं. पाटावर बसले. ह्यांचा डबा मी भरला होता, शेवग्याची आमटी आणि भाकरी. तिसरा डबा अस्मिताने केला होता, भेंडी, अर्धी करपलेली. तो तिने मध्ये ठेवला. सदूच्या डब्यात मसूर आणि दोन चपात्या, चारी दिशांना गेलेल्या. मी बाजूला उभी राहिले, वाढायला. चाळीस वर्षांचं माझं तेच काम.

ह्यांनी तुकडा मोडला आणि हात डावीकडे गेला. ह्या वेळी तिथे सदूचा मसूर होता.

एक भाकरी गेली. दुसरी गेली. करपलेली भेंडी गेली. मध्ये कुण्या जुन्या सुपरवायझरची नक्कल झाली, दोघे खो खो हसले, आणि हसता हसता ह्यांनी तिसरी भाकरी मोडली. सदूने माझी आमटी भांडं वाकडं करून प्यायली. मी पदराने नाक पुसलं आणि म्हटलं, "मिरची लागली हवेतली."

मग सदू म्हणाला, "वहिनी, तुमचा डबा कुठे?"

"मी? मी जेवेन नंतर."

"नियम म्हणजे नियम. बसा. तुमच्या आमटीला हात नाही लावायचा."

आता खरं सांगते. ह्या घरात कोण किती जेवतं ह्याचा मी ग्रॅमग्रॅम हिशोब ठेवत होते, आणि मी किती जेवते हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभ्याने, उरलेलं. मी पाटावर बसले आणि सदूचा मसूर चाखला. मीठ कमी, हळद जास्त, फोडणीत लसूण कच्चा. मी तसं सांगितलं. तसं सांगत सांगत दीड भाकरी खाल्ली. दुसऱ्याच्या हातचं बसून खायला इतकं बरं लागतं, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

सदू रोज यायला लागला. तिसऱ्या दिवशी गुरुदत्त काका पुन्हा वर आले, रोज साडेबाराला एवढा हसण्याचा आवाज कसला म्हणून. त्यांच्या घरात ते आणि त्यांची बायको मालिनी वहिनी, दोघेच, पोरं परदेशात. "नाही हो, आमचं झालंय जेवण," म्हणत बसले आणि सदूच्या मसुराने दोन भाकऱ्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी त्यांनी मालिनी वहिनींच्या हातच्या डाळिंब्यांचा डबा आणला. मी म्हटलं, काका, भोंग्यावर लेखी बंदी आहे ना? ते म्हणाले, "भोंग्यावर आहे. डब्यावर नाही."

नववा दिवस. राजसी मॅडमच्या दवाखान्यात हे काट्यावर चढले तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. अंकांकडे बघायची हिंमतच नव्हती.

"चोपन्न किलो आठशे," मॅडम म्हणाल्या. पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं. तेवढेच. "काकू, कुठलं औषध दिलंत?"

"मसूर," मी म्हटलं. "मीठ कमी घातलेला."

मॅडमनी ॲडमिटची चिठ्ठी टेबलाच्या खणात टाकली. खण बंद झाला तो आवाज माझ्या कानात अजून आहे. "नळीबिळी काही नको. असंच चालू द्या," म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

जिना उतरताना मी रिपोर्ट पिशवीत कोंबत होते. हे चार पायऱ्या पुढे. खाली पोचले, हातातलं घड्याळ बघितलं, आणि मागे वळून माझ्यावर डाफरले, "अगं चल ना पटपट! सव्वाबारा झाले. भूक लागलीय मला."

पाच महिने. पाच महिने मी ह्या शब्दांसाठी कान लावून बसले होते. तिथेच पायरीवर बसून रडावंसं वाटत होतं, पण रडायला वेळ कुठे होता? सदू दारात येऊन उभा राहिला असता.

"अहो दादा," मी रस्त्यावर धावतच रिक्षा थांबवली, "हेंद्रेपाडा, आणि जरा दामटा! माणूस उपाशी आहे माझा!"